गोकुआकु दोमेई

जपानी महिला व्यावसायिक कुस्तीतील १९८० च्या दशकातील, रिंगणात खलनायिकांची भूमिका करणाऱ्या कुस्तीगिरांचा गट. नावाचा अर्थ ‘महादुष्टांची युती’. प्रमुख डम्प मात्सुमोतो (मूळ नाव काओरू मात्सुमोतो, जन्म १९६०). ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग या, १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी उभारलेल्या संस्थेत हा गट वावरला.

स्थापनावर्ष सामान्यतः १९८४ धरतात. मात्सुमोतो आधी डेव्हिल मासामी यांच्या खलगटात होत्या. त्यामुळे नवा गट ही त्याच परंपरेची शाखा की स्वतंत्र आरंभ, हे दोन्ही प्रकारे मांडता येते. मासामींचा बाज धाकाचा. मात्सुमोतोंनी रंगवलेला चेहरा, साखळी, कात्री आणि बांबूची तलवार (शिनाई) आणली. हा फरक पाहता स्वतंत्र आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

सदस्यांच्या नावांचा उगमही विचारात घेण्याजोगा आहे. ‘डम्प’ हे डम्पर ट्रकवरून आले. ‘क्रेन’ यू यांचे नाव अवजड यंत्राचे, पण इंग्रजीत क्रेन म्हणजे क्रौंच पक्षीही. ‘कॉन्डोर’ साइतो यांचे नाव तर निःसंशय पक्ष्याचे. ‘बुल’ नाकानो यांच्या बाबतीत बैल आणि बुलडोझर असे दोन्ही अर्थ संभवतात. डम्प आणि क्रेन शेजारी ठेवल्यास यंत्रांची ओळ जुळते. कॉन्डोर मात्र तीत बसत नाही.

प्रतिस्पर्धी क्रश गॅल्स, म्हणजे चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका. त्यांचा चाहतावर्ग मुख्यतः शाळकरी मुलींचा होता. पंच शिरो आबे उघडपणे खलगटाची बाजू घेत, आणि या अन्यायानेच प्रेक्षागृह पेटे. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाका-जो हॉलमध्ये मात्सुमोतो आणि नागायो यांच्यात केसांची पैज लागली. मेक्सिकन कुस्तीत रुजलेल्या या प्रथेनुसार हरणाऱ्याचे मुंडण होते. नागायो हरल्या आणि भर रिंगणात त्यांचे केस उतरवले गेले. प्रेक्षकांतील मुली ओक्साबोक्शी रडत होत्या. निकाल आधीच ठरवण्याच्या या खेळात ते अश्रू मात्र खरे होते. ७ नोव्हेंबर १९८६ रोजी त्याच सभागृहात मात्सुमोतोंचे मुंडण झाले.

मात्सुमोतो १९८८ मध्ये निवृत्त झाल्या, पुढे पुन्हा रिंगणात उतरल्या. नाकानोंनी ‘गोकुमोन-तो’ हा गट चालवला व १९९० मध्ये संस्थेचे सर्वोच्च विजेतेपद मिळवले. या कथेवर २०२४ मध्ये जपानी मालिका आली.