वायूंचे आकारमान : रासायनिक समीकरणावरून गणन

संतुलित रासायनिक समीकरणातील मोलांच्या (मोल म्हणजे पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक) प्रमाणावरून अभिक्रियेत खर्च होणाऱ्या किंवा तयार होणाऱ्या वायूचे आकारमान काढण्याची रीत. एकाच तापमानाला व दाबाला संयोग पावणाऱ्या वायूंची आकारमाने साध्या पूर्णांकी प्रमाणात असतात, असे गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये मांडले. अशा वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्याही समान असते, या आव्होगाद्रो यांच्या १८११ मधील गृहीतकाने त्याची उकल झाली.

सगळे घटक वायुरूप असले, तर वस्तुमान काढावेच लागत नाही. १ लिटर नायट्रोजन आणि ३ लिटर हायड्रोजन यांचा पूर्ण संयोग झाल्यास २ लिटर अमोनिया मिळतो. घटकाची अवस्था मात्र पाहायला हवी. ११० °से. तापमानाला मोजलेल्या २ लिटर हायड्रोजन व १ लिटर ऑक्सिजनपासून तेवढ्याच तापमानाला २ लिटर बाष्प मिळते; ते निवले की जेमतेम १ मिलिलिटर पाणी उरते.

घन किंवा द्रव पदार्थापासून वायू निघत असेल, तर आधी मोल काढतात. कॅल्शियम कार्बोनेटचा १ मोल १०० ग्रॅम भरतो, म्हणून ५ ग्रॅम म्हणजे ०.०५ मोल. पुरेसे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्यास त्यातून ०.०५ मोल कार्बन डायऑक्साइड मिळतो. ०.०५ मोल कार्बोनेटला ०.१ मोल आम्ल लागते, आम्ल ०.०६ मोलच असेल, तर वायू ०.०३ मोलच मिळेल, कार्बोनेट कितीही उरो.

मोलांवरून आकारमान काढताना बहुतेक चुका होतात. २२.४ हा आकडा इतका पाठ झालेला असतो, की तो कुठेही वापरला जातो. आदर्श वायूच्या १ मोलचे आकारमान ० °से. व १ वातावरण दाबाला २२.४१ लिटर असते, २५ °से.ला व त्याच दाबाला २४.४७ लिटर. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आययूपॅक) १९८२ पासून प्रमाण दाब १०० किलोपास्कल मानल्याने ० °से.चा आकडाही २२.७१ होतो. त्यामुळे वरील ०.०५ मोल वायू १ वातावरण दाबाला ० °से.ला १.१२ लिटर, तर २५ °से.ला १.२२ लिटर भरेल. इतर स्थितींसाठी मोलसंख्या, वायुस्थिरांक आणि केल्व्हिनमधील तापमान यांच्या गुणाकाराला दाबाने भागावे.

वायू पाण्यावर गोळा केला असेल, तर एकूण दाबातून पाण्याचा बाष्पदाब (वायूत मिसळलेल्या पाण्याच्या वाफेचा दाब) वजा करावा लागतो. २५ °से.ला तो सुमारे ३.२ किलोपास्कल असतो. तो विसरल्यास कोरड्या वायूचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांनी जास्त येते.