काळा धूर म्हणजे इंजिनाची ताकद नव्हे

हर्णै बंदरातून बोट सुटताना काळा लोट उठला की कुणीतरी म्हणतंच, "बघ, इंजिन कसं ओढतंय!" वर्षानुवर्षांचा हा समज साफ चुकीचा आहे. तो धूर म्हणजे काजळी, पुरतं न जळलेलं डिझेल. पैसे मोजून भरलेलं इंधन पंख्यापर्यंत न पोचता हवेत जातं, आणि ते आपल्याच खलाशांच्या छातीत बसतं.

डिझेल नोझलच्या बारीक भोकांतून प्रचंड दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. फवाऱ्याच्या पोटात इंधन जास्त, हवा कमी. काजळी धरते ती तिथेच. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतले जॉन डेक यांनी इंजिनाला काचेची खिडकी बसवून, आत लेझरचा प्रकाश सोडून हे पाहिलं आणि 1997 साली मांडलं.

तिथल्याच चार्ल्स म्यूलर यांना पुढचा उपाय सुचला तो बन्सन बर्नरवरून. शाळेतला आठवा: खालचं भोक उघडून हवा मिसळली की पिवळी ज्योत निळी होते. तसंच, नोझलच्या प्रत्येक भोकासमोर एक छोटी नळी. इंधन पेटण्याआधी त्यात जास्त हवा मिसळते आणि काजळी खूपच घटते.

आपल्या बोटीवर ही नळी नसली तरी नोझल आहेच. ते झिजलं की धुक्यासारखा फवारा न पडता धार लागते, थेंब गळतात. मिस्त्रीकडून नोझल तपासायच्या हातपंपावर ते तपासून घ्या. फवाऱ्यासमोर हात मात्र धरू नका, त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं.