विमान घेण्याआधी घर कुठे ते सांगा

दुकानात आल्यावर गिऱ्हाईक विचारतं, "केवढ्याला?" आणि आम्ही विचारतो, "घर कुठे तुमचं?" काहींना ही नसती चौकशी वाटते. एका काकांनी तर "मी विमान घ्यायला आलोय की मुलगी बघायला?" असं सुनावलं होतं. पण रिमोटवरचं विमान कोणतं घ्यायचं, हे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पैशांपेक्षा पत्त्यावर ठरतं. म्हणून हे पत्रक. खोकं उघडण्याआधी वाचा, नंतर वाचून फार उपयोग नाही.

चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला. धावपट्टी २,५०० मीटरची. खरं सांगायचं तर आमच्यासारख्यांना उडवायला असाच सडा हवा असतो: सपाट, झाड नाही, विजेची तार नाही. नेमकी तीच जागा मोठ्या विमानांना गेली. हळहळ वाटते, पण तक्रार नाही. कारण ते विमान उतरताना बघायला आम्हीच सगळ्यांत आधी कुंपणाबाहेर जाऊन उभे होतो.

आता नियम. २०२१चे ड्रोन नियम फक्त चार पंख्यांच्या ड्रोनला लागू आहेत, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. रिमोटवर उडणारं पंखांचं विमानही त्यात येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आतला भाग सरकारी नकाशावर लाल. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच उडवायचं नाही. ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यावर परवानगी. त्याच्या बाहेर, नकाशावर हिरवा रंग असेल तिथे, ४०० फुटांपर्यंत. २०० फूट म्हणजे किती? तीन उंच माड एकावर एक ठेवा, साधारण तेवढं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, अंतर गाडीच्या रस्त्याने मोजलं जातं. देवबागचंच बघा. तिथून चिपीला गाडीने जायचं तर कर्ली खाडीला वळसा पडतो, म्हणून विमानतळ लांब वाटतो. विमानाला खाडी आडवी येत नाही. नकाशावर सरळ रेघ ओढा, मग कळेल किती जवळ आहे ते. तीही इमारतीपासून नाही, हद्दीपासून ओढायची, आणि हद्द धावपट्टीच्या लांबीएवढी पसरलेली आहे. परुळे गावातल्यांना तर रेघ ओढायचीही गरज नाही, विमानतळ त्यांच्या दारातच आहे. बांदा, सातार्डा बाजूच्यांनी चिपी विसरून मोपाकडून मोजावं. तो विमानतळ गोव्यात असला तरी त्याचं वर्तुळ राज्याच्या सीमेवर थांबत नाही.

दुसरी चूक: "२५० ग्रॅमच्या आतलं कुठेही चालतं." नाही चालत. २५० ग्रॅमपर्यंत, आणि हौसेपुरतं असेल तर २ किलोपर्यंतही, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच. लाल-पिवळे पट्टे सगळ्यांना सारखेच. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा आहे. तो बदलू शकतो, म्हणून दर वेळी निघण्याआधी बघा. नोंदणीचा फॉर्म कसा भरायचा ते आम्ही शेजारी बसवून दाखवू, चहा आमचा.

लाल पट्ट्यात राहणाऱ्याला आम्ही विमान विकत नाही असं नाही. पण रविवारी आमच्याबरोबर लांब यायची तयारी आहे का, हे आधी विचारतो. तयारी नसेल तर मुलाला हातफेकीचं साधं ग्लायडर द्या, अंगणात फिरेल. गिऱ्हाईक हातचं जातं, पण पोलीस दारात येण्यापेक्षा बरं.

वारा आणि कातळ

हे मात्र जरा सावकाश वाचा, कारण मोडलेली विमानं आमच्याकडे येतात ती बहुतेक याच कारणाने.

सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, मंद आणि सरळ. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा धरतो आणि दुपारी चांगलाच जोर करतो. नवशिक्याने सकाळी नऊच्या आत उडवून घरी जावं. माडाच्या झावळ्या एकाच बाजूला ताणून राहिल्या असतील तर खोकं उघडूच नका. आम्ही सुरुवातीला जे विमान सुचवतो त्याचे पंख वरच्या बाजूला आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात, म्हणजे हात सुटला तरी ते आपलं आपण सरळ होऊ बघतं. चाकं आम्ही मुद्दाम काढून देतो. कातळावर ती दोन दिवस टिकत नाहीत. हाताने फेका आणि गवतावर पोटावर उतरवा.

उडवण्याआधी तोल तपासायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर दोन बोटं ठेवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट जड असलेलं विमान फार तर एकदाच उडतं.

हात बसला की दुपारच्या त्याच खाऱ्या वाऱ्याची गंमत कळते. समुद्राकडे तोंड असलेल्या सड्याच्या कडेला वारा धडकतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर बिनमोटारीचं ग्लायडर तासभर तरंगतं, बॅटरी लागते ती फक्त शेपूट हलवायला. देवगडला पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या. पण कडेच्या मागे वारा गिरक्या खातो, ग्लायडर तिथे उतरवायला गेलात तर आपटलंच. जरा आत, मोकळ्यावर या.

किनाऱ्यावर उडवू नका, असं आम्ही सांगतो आणि कोणी ऐकत नाही. आपल्या वाळूत काळे, लोहयुक्त कण असतात. मोटारीतलं चुंबक ते ओढून घेतं, आणि मग मोटार जात्यासारखी घरघरते. विमान समुद्रात पडलंच तर आधी बॅटरी सोडवा. बाकीचं सगळं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि आमच्याकडे आणा. खारं पाणी लागलेली बॅटरी मात्र आणू नका. ती घराबाहेर, पेटण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा आणि फोन करा.

बॅटरी

तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची असते. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट. पावसाळ्यात चार महिने उडवणं बंद असतं, तेव्हा ती भरून ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली वापरू नका. चार्जिंगला लावून बाजारात जाऊ नका.

मार्चनंतर सड्यावरचं गवत पेंढ्यासारखं सुकतं. पडलेल्या विमानाची चेचलेली बॅटरी काही मिनिटांनी पेट घेऊ शकते, आणि वणवा काजूच्या बागेत शिरायला वेळ लागत नाही. म्हणून विमान पडलं की आधी धावा, हळहळ नंतर. आमच्या गाडीत या दिवसांत वाळूची बादली असते. डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रश्न: विमान मोहरलेल्या आंब्याच्या कलमात अडकतं. फांदी हलवायची नाही. बागायतदाराला सांगा, तो काढून देईल, आणि चार शब्द ऐकवेल. ते ऐकून घ्या.

मुंबईहून विमानाने येणाऱ्या चाकरमान्यांसाठी: सुटी बॅटरी मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून. २,२०० मिलीअँपिअर-तासांची आपली बॅटरी साधारण २४ वॉट-तासांची होते. १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या खूप खाली आहे, अडचण येऊ नये. तरी आधी विमान कंपनीला विचारा.

रविवार

विमानाबरोबर पहिले सहा रविवार आमच्याकडून फुकट. दोन रिमोट जोडलेले असतात. तुमचं चुकतंय असं दिसलं की आम्ही आमच्या रिमोटवरून विमान हातात घेतो. पहिल्या पडझडीची मजुरी नाही, सामानाचे पैसे घेऊ.

तिथे निवृत्त गुरुजी येतात, रिक्षावाले येतात, गणपतीनंतर मुंबईला न परतलेला एखादा चाकरमानीही येतो. गजाली (गप्पा) जास्त, उड्डाणं कमी. एक आजोबा वर्षभर नुसते बघायला यायचे, मग एके दिवशी म्हणाले, "माका एकदा धरूक दी." आता त्यांचं स्वतःचं ग्लायडर आहे, आणि नातवाला ते हात लावू देत नाहीत.

मुलं विचारतात, खरं विमान चालवायला कधी मिळेल? शिकाऊ परवाना १६ व्या वर्षी, खासगी पायलटचा १७ व्या वर्षी, त्याला किमान ४० तास उड्डाण. शिकायला बारामती, नागपूरसारख्या ठिकाणी जावं लागतं आणि खर्च मोठा आहे. तो दुकानात नाही, पालकांसमोर बसून सांगू.

जागा शनिवारी संध्याकाळी वारा बघून ठरते. तेव्हा फोन करा. टोपी आणि पाणी आणा. मासळीचा डबा आणलात तर काटे परत न्या. घारी जमल्या की आमचं विमान त्यांना आवडत नाही.