दोन शोषखड्ड्यांचा संडास ‘वर्षभरात भरतो’?

स्वच्छ भारत मिशनच्या 12,000 रुपयांत बांधायच्या संडासाबद्दल गावोगाव एकच कुरकुर: खड्डे एवढेसे, वर्षभरात भरणार! म्हणून लोक पदरचे पैसे घालून दहा-दहा फुटांची टाकी बांधतात.

खरं तर पाच-सहा माणसांच्या घराला मीटरभर खोल, मीटरभर रुंद खड्डा साधारण पाच वर्षं पुरतो. मैल्यात बहुतांश पाणीच असतं. खड्ड्याच्या विटांमध्ये मुद्दाम फटी सोडतात, तळ कच्चा ठेवतात. पाणी आणि वायू मातीत जिरतात, उरतो थोडासा गाळ. गवंड्याने ‘मजबुती’साठी आतून प्लास्टर केलं की मात्र खड्डा भरलाच म्हणून समजा! (दोष जातो योजनेला.)

एक खड्डा भरला की चेंबरमधून (दोन्ही खड्ड्यांच्या नळ्या जिथून फुटतात ती छोटी कुंडी) मैला-पाणी दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचं. बंद खड्ड्यात वर्ष-दीड वर्षात कोरडं, बिनवासाचं सोनखत होतं. 2017 च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्रीय स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि खत उपसलं.

मोठ्या बंद टाकीला मात्र उपसायला गाडी लागते, आणि तिचं सांडपाणी बऱ्याचदा थेट गटारात जातं.