हरवलेल्या शौर्यकथांची मोजदाद

आर्थर राजाच्या दरबारात नववर्षाची मेजवानी सुरू असताना हिरव्या अंगाचा एक धिप्पाड स्वार आत शिरतो आणि आव्हान देतो, की आज माझ्या मानेवर घाव घाला, वर्षभराने तोच घाव मी परत करीन. गवेन हा तरुण सरदार त्याचे शिर उडवतो. स्वार ते उचलून घेऊन निघून जातो. ठरल्या दिवशी गवेन मान वाकवतो खरा, पण कुऱ्हाड खाली येताना त्याचे खांदे नकळत आक्रसतात. ही कथा आजही वाचकाला धरून ठेवते ती या क्षणामुळे, असे मला वाटते. दिलेल्या शब्दाखातर मरायला आलेला हा वीर आपल्याइतकाच जिवाला भितो.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या इंग्रजी काव्याचे एकच हस्तलिखित उरले आहे, आणि तेही १७३१ मध्ये लंडनमधल्या आगीतून वाचलेले. मग ज्यांचे एकही हस्तलिखित उरले नाही, अशा कथा किती असतील?

जंगलातील फुलपाखरे मोजणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. एकदाच दिसलेल्या जाती पुष्कळ आणि दोनदा दिसलेल्या थोड्या असतील, तर नजरेतून सुटलेल्याही पुष्कळ असणार. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांच्या सूत्रानुसार, एकदाच दिसलेल्या जातींच्या संख्येच्या वर्गाला दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीने भागले, की न दिसलेल्या जातींचा किमान अंदाज मिळतो. जातींच्या जागी कथा आणि नोंदींच्या जागी हस्तलिखिते धरून चाओ व त्यांच्या सहसंशोधकांनी हीच पद्धत सहा युरोपीय भाषांतील शौर्यकथांना लावली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार सुमारे ६८ टक्के कथा तगल्या, हस्तलिखिते मात्र जेमतेम ९ टक्के. इंग्रजीतील निम्म्याहून अधिक कथा नाहीशा झाल्या. आयरिश आणि आइसलँडिक भाषांतील तीन चतुर्थांशांहून अधिक टिकल्या. या दोन भाषांत प्रती मोजक्याच लोकप्रिय कथांच्या वाट्याला न जाता अधिक समप्रमाणात विभागल्या गेल्या होत्या, आणि आइसलँडमध्ये तर छपाई आल्यानंतरही शतकानुशतके लोक हाताने नकला करीत राहिले.

तरीही चर्मपत्र महाग होते, आणि जुन्या पोथीची पाने दुसऱ्या कामाला येत. आइसलँडमधील एका बिशपच्या टोपीला ताठपणा यावा म्हणून आत घातलेली पाने फ्रेंच प्रेमकाव्यांच्या नॉर्वेजियन भाषांतराची निघाली. टोपीच्या आकारात कापलेल्या त्या चर्मपत्रावर लेखनिकाच्या ओळी अजून दिसतात.