चार्टवरच्या खोलीवर भरवसा किती? चांदण्यांच्या मागची गोष्ट

जहाजांच्या इलेक्ट्रॉनिक चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, २० मीटर खोली दिसली की वाटतं परवाच मोजलंय, पण तो आकडा कधीकधी शंभर वर्षांपूर्वीचा असतो, म्हणजे दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचं आणि तळ लागला की किती दोरी गेली ते बघायचं. आपले कोळी वावात सांगतात तसंच. जिथे शिसं पडलं तिथली खोली बऱ्यापैकी बरोबर यायची, पण दोन मोजण्यांच्या मधे खडक असला तर दोरीला कळणार कसं? १९२० नंतर प्रतिध्वनीवरून खोली मोजणारे इको साउंडर आले तरी तेही बोटीच्या खालचीच पट्टी बघायचे, सलग सगळा तळ दिसायला लागला तो एका वेळी रुंद पट्टा मोजणारा मल्टिबीम सोनार आल्यावर.

कागदी चार्टवर आकडे विरळ, मधे कोरी जागा, कोपऱ्यात कुठला सर्व्हे कधीचा त्याचा छोटा आराखडा, त्यामुळे जाणता माणूस आपोआप जपून जायचा. तरी फसगत व्हायचीच. ७ ऑगस्ट १९९२ला क्वीन एलिझाबेथ २ ही प्रवासी बोट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कटीहंक बेटाजवळ खडकाला घासली, जहाजाचा तळ पाण्याखाली साधारण ३२ फूट, चार्टवर खोली ३९ फूट आणि तो सर्व्हे १९३९चा. वेगात जहाज अजून खाली बसतं, त्याचाही अंदाज कमी पडला.

मग इलेक्ट्रॉनिक चार्टच्या एस-५७ या डिजिटल स्टँडर्डमधे कॅटझॉक आलं, म्हणजे कुठला डेटा किती भरवशाचा त्याची श्रेणी. सगळ्यात चांगला ए१, मग ए२, बी, सी, सगळ्यात वाईट डी आणि दर्जा तपासलेलाच नाही तिथे यू. २० मीटर खोलीला ए१ मधे चूक ०.७ मीटरपर्यंत धरायची, सी मधे ३ मीटर, आणि सी मधे जागाच ५०० मीटर इकडेतिकडे असू शकते! इतका मोठा फरक, पण स्क्रीनवर निळा-पांढरा रंग दोन्हीकडे सारखाच, कोरी जागा कुठे उरलीच नाही. मला हीच खरी चूक वाटते.

फरक दाखवायला चांदण्या दिल्या, ए१ला सहा, डीला दोन. म्हणजे डेटा चांगला तिथे गर्दी जास्त आणि जिथे सावध व्हायचं तिथे चिन्ह सगळ्यात फिकं, हे उलटंच झालं ना. त्यात हा लेयर नेहमीच्या डिस्प्लेत नसतो, मुद्दाम चालू करावा लागतो, आणि चालू केला की आकड्यांवर चांदण्या येऊन चार्ट वाचता येत नाही म्हणून लोक पॅसेज प्लॅन, म्हणजे प्रवासाचा मार्ग आखताना बघतात आणि बंद करतात.

म्हणून अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठात चांदण्यांऐवजी टेक्स्चर आणि पारदर्शक रंग वापरून बघायचं काम झालं. एस-५७च्या जागी येणारे नवीन एस-१०१ चार्ट चालवणारी सिस्टिम १ जानेवारी २०२६पासून जहाजावर वापरायला परवानगी आहे, नव्याने बसवायची असेल तर १ जानेवारी २०२९पासून तीच लागेल. आधीपासून बसवलेल्या सिस्टिमवर मात्र एस-५७ आणि त्याच्या चांदण्या अजून बरीच वर्षं राहणार, तेव्हा लेयर चालू करून दोन चांदण्या कुठे आहेत ते आधी शोधा.