नेटवर्क स्विच : छोट्या कार्यालयातील जोडणी आणि मांडणी

कार्यालयातले संगणक, प्रिंटर, आयपी फोन, कॅमेरे आणि वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट केबलने एकमेकांशी जोडणारे उपकरण म्हणजे नेटवर्क स्विच. छोट्या कार्यालयात सहसा ५ ते २४ पोर्टचा, म्हणजे केबल लावायच्या तेवढ्या खाचांचा, स्विच पुरतो. प्लग लावताच तो चालू होतो, दिवे लुकलुकतात आणि काम झाल्यासारखे वाटते. पण अर्थिंग, केबल, लूप (फिरून त्याच स्विचमध्ये येणारी जोडणी) आणि पासवर्ड या चार गोष्टींकडे आधी लक्ष दिले नाही, तर त्रास काही महिन्यांनी सुरू होतो आणि तेव्हा मूळ कारण शोधणे फार अवघड जाते.

स्विचच्या आधी हब वापरात होते. हब एका पोर्टवर आलेला संदेश बाकीच्या सगळ्या पोर्टवर पाठवायचा. स्विच मात्र प्रत्येक फ्रेमवरचा, म्हणजे माहितीच्या पुडक्यावरचा, ४८ बिटांचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) वाचतो, कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे याचा तक्ता स्वतःच तयार करतो आणि फ्रेम नेमक्या त्याच पोर्टवर सोडतो. एखादे यंत्र बराच वेळ गप्प राहिले, बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद, की त्याची नोंद पुसली जाते. इथरनेटचा, म्हणजे केबलने यंत्रे जोडण्याच्या रूढ पद्धतीचा, पहिला व्यापारी स्विच कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली.

जागा निवडताना हवा खेळती आहे का, हे आधी पाहावे. अनेक छोट्या स्विचना पंखा नसतो. त्यांची उष्णता पत्र्यातून आणि जाळीतून बाहेर पडते. बंद कपाटात, यूपीएसच्या अंगावर किंवा फायलींच्या गठ्ठ्याखाली ठेवलेला स्विच तापतो. अनेक मॉडेलची मर्यादा भोवतालच्या हवेच्या ४० अंश सेल्सिअसपर्यंतच असते आणि बंद कपाटात ती सहज ओलांडली जाते. एसीतून पाणी गळू शकेल अशी जागा टाळावी.

विजेच्या जोडणीत अर्थिंग पहिले. स्विचला अर्थिंगचा स्क्रू असेल तर हिरवी-पिवळी वायर सर्वांत आधी जोडावी आणि स्विच काढताना सर्वांत शेवटी सोडावी. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर घालून चालवणे म्हणजे ही सुरक्षा काढून टाकणेच होय. स्विचला बाहेरचा अडॅप्टर असेल तर त्यावर स्विचचे नाव लिहून चिकटवावे. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज, देणाऱ्या छोट्या स्विचचा अडॅप्टर बहुधा ४८ व्होल्टच्या आसपासचा असतो, राउटरचा १२ व्होल्टचा, आणि कधी कधी दोघांची पिन सारखीच बसते. साफसफाईनंतर अडॅप्टरची अदलाबदल झाली तर राउटर क्षणात जळू शकतो.

पीओईच्या २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार एका पोर्टवरून १५.४ वॅट, २००९ च्या ८०२.३एटीनुसार ३० वॅट आणि २०१८ च्या ८०२.३बीटीनुसार ९० वॅटपर्यंत वीज देता येते. मानक पाळणारा स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज देऊन पलीकडचे यंत्र वीज घेणारे आहे का, हे तपासतो. पॅसिव्ह प्रकारात ही चौकशी होत नाही, म्हणून तो वापरताना विशेष जपावे. पोर्ट आठ असले तरी आठही पोर्टना पूर्ण वीज मिळेलच असे नाही. स्विचची एकूण मर्यादा ६० वॅट असेल, तर प्रत्येकी १५ वॅट खेचणाऱ्या चार यंत्रांतच ती संपते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल पीओईसाठी वापरू नये. तिचा रोध जास्त असल्यामुळे ती जास्त तापते.

गिगाबिट वेगासाठी किमान कॅट ५ई केबल लागते आणि स्विचपासून यंत्रापर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत हवी : भिंतीतली ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्ड (जोडणीच्या छोट्या तयार केबल) मिळून १०. टोक क्रिंप करताना, म्हणजे केबलला प्लग दाबून बसवताना, जोड्यांचा पीळ १३ मिलीमीटरपेक्षा जास्त सोडू नये. इथे एक फसवी चूक होते. दोन्ही टोकांना तारा सारख्याच क्रमाने पण जोड्यांचा विचार न करता लावल्या, म्हणजे तिसरी आणि सहावी तार एकाच जोडीतली ठेवली नाही, तर साध्या टेस्टरचे आठही दिवे नीट लागतात, पण जोडणी अडखळते किंवा वेग १०० मेगाबिटवर घसरतो. म्हणून दोन्ही टोकांना टी५६८बी किंवा टी५६८ए या तारांच्या ठरलेल्या रंगक्रमांपैकी एकच ठेवावा आणि स्विचवरच्या वेगाच्या दिव्याचा रंग पाहून खात्री करावी. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नये, फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) टाकावे. दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक आणि आकाशातल्या विजेचा झटका दोन्ही तांब्यातूनच आत येतात.

सगळ्यांत जास्त गोंधळ घालतो तो लूप. एकाच पॅचकॉर्डची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये लागली, किंवा दोन पोर्टच्या आयपी फोनच्या दोन्ही पोर्टमधून भिंतीतल्या सॉकेटमध्ये केबल गेली, की लूप तयार होतो. आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते, इथरनेटच्या फ्रेमला नसते. सर्वांसाठी पाठवलेली एक फ्रेम फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात आणि काही सेकंदांत स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकू लागतात. इंटरनेट, प्रिंटर, फोन एकदम बंद पडतात. असे दिसले की अलीकडे लावलेली केबल आधी काढावी.

यावरचा उपाय म्हणजे अमेरिकी संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेला स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. जादा वाट तो स्वतःच बंद ठेवतो. जुन्या पद्धतीत पोर्ट चालू व्हायला सुमारे ३० सेकंद लागतात आणि तेवढ्यात काही संगणक आयपी पत्ता मागून थकतात. म्हणून २००१ मध्ये आलेली वेगवान आवृत्ती, आरएसटीपी, निवडावी आणि संगणकांचे पोर्ट 'एज', म्हणजे पुढे दुसरा स्विच नसलेले, म्हणून नोंदवावेत. अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता न येणाऱ्या, स्विचमध्ये ही सोय सहसा नसते. त्यामुळे केबल ओढणारे हात अनेक असतील तिथे थोडा जास्त खर्च करून मॅनेज्ड स्विच घेणेच योग्य.

मॅनेज्ड स्विच पहिल्यांदा चालू करताना त्याला फक्त एक लॅपटॉप जोडावा. कारखान्यातून येणारा १९२.१६८.०.१ सारखा पत्ता बऱ्याचदा राउटरचाही असतो. दोघे एकत्र आले तर अख्ख्या कार्यालयाचे इंटरनेट बिघडते. लॅपटॉपला त्याच मालिकेतला पत्ता हाताने द्यावा, ब्राउझरमधून आत जावे, पासवर्ड आणि पत्ता बदलावा, उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून फर्मवेअर (स्विचच्या आतली प्रणाली) अद्ययावत करावे. स्विचमध्ये शिरण्यासाठी टेलनेट ही उघडी पद्धत बंद करून एचटीटीपीएस किंवा एसएसएच ही सांकेतिक पद्धत ठेवावी. वापरात नसलेले पोर्टही बंद ठेवावेत, कारण बैठकीच्या खोलीतल्या मोकळ्या सॉकेटला कोणीही लॅपटॉप लावू शकतो.

पाहुण्यांचे वाय-फाय आणि हिशेबाचे संगणक वेगळ्या व्हीएलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये, टाकावेत. पण त्या दोघांमधली वाहतूक राउटर होऊ देत असेल, तर स्विचवरची विभागणी पुरेशी नाही. राउटरवरही नियम लावावा लागतो. व्हीएलॅन बदलताना स्वतःचा लॅपटॉप ज्या पोर्टवर आहे तो शेवटी बदलावा, नाहीतर आत जाण्याची वाटच बंद होते.

बऱ्याच स्विचमध्ये बदल लगेच लागू होतात, पण 'सेव्ह' केल्याशिवाय टिकत नाहीत. वीज गेली की जुनी मांडणी परत येते. म्हणून सेव्ह करून स्विच एकदा मुद्दाम बंद-चालू करून पाहावा आणि सेटिंगची फाइल दुसरीकडे जपून ठेवावी. स्विचवरचे बारीक छिद्रातले रीसेटचे बटण काही सेकंद दाबले तर पासवर्डसकट सगळी मांडणी पुसली जाते, त्यामुळे स्विचचे कपाट हवेशीर जाळीचे पण कुलूपबंद हवे.